आधी रांगोळी, मग सिमेंट : छोट्या न्हाणीची आखणी



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी लिहून घेताना कारणाच्या रकान्यात बऱ्याचदा एकच शब्द येतो, ‘घरदुरुस्ती’. थोडं विचारलं की कळतं, ताईंना न्हाणी बांधायची असते किंवा जुनी न्हाणी नीट करायची असते. सांगताना मात्र आवाज जरा खाली जातो. शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी ही खरी कारणं आणि न्हाणी म्हणजे चैन, असं काहीतरी आपल्या मनात बसलेलं असतं.

चैन कसली त्यात? साडी नेसूनच आंघोळ उरकायची, त्यासाठी घर जागं व्हायच्या आत उठायचं, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आडोसा शोधायचा. आपल्यातल्या कितीजणींनी हे केलंय, ते हात वर करून सांगायची गरज नाही. तेव्हा न्हाणीसाठी कर्ज जरूर मागा आणि कारणही मोठ्याने सांगा. माझी विनंती फक्त एवढीच, की पैसे हातात आले म्हणून लगेच गवंडी बोलावू नका. आधी दोन दिवस आखणीला द्या.

‘जागाच एवढीशी, काय करणार’ असं आपण म्हणतो. पण कामाच्या निमित्ताने घरोघरी फिरताना मी ज्या न्हाण्या बघितल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी जागा होती. ती दाराने, पिंपाने आणि भिंतींनी खाल्ली होती. ती परत कशी मिळवायची, त्यावर आजचा हा लेख आहे.

आमच्या घरची चूक

दुसऱ्याच्या घरचं सांगण्याआधी स्वतःच्या घरचं सांगते. आमच्या गावच्या घरात न्हाणी बांधली तेव्हा मी शाळेत होते. गवंडीकाकांनी विचारलं, ‘दार कसं पाहिजे?’ वडील म्हणाले, ‘बसवा की नेहमीसारखं.’ नेहमीसारखं म्हणजे आत उघडणारं. आईला कुणी विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही.

काही वर्षांनी आजी त्या न्हाणीत घसरून पडली. पडली ती नेमकी दाराला टेकून. कडी लावलेली नव्हती, तरी दार आत ढकलता येईना, कारण मागे आजी होती. जोर लावावा तर तिला लागणार. शेवटी काकांनी बाहेरून बिजागरीचे स्क्रू काढले आणि दार उचलून बाजूला केलं. आजी वाचली, पण त्या पंधरा मिनिटांत दाराबाहेर उभी असलेली आई मला अजून आठवते. दुसऱ्याच दिवशी दार बाहेर उघडणारं करून घेतलं. खर्च किरकोळ आला. हेच आधी करता आलं असतं.

मी इंजिनिअर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. पण त्या दिवसापासून कुणाच्याही घरी गेले की न्हाणीचं दार कुठे उघडतं ते माझ्या नजरेत येतंच. पुढे जे सांगते ते गवंडीकाकांना विचारून, टेप धरून आणि लोकांच्या चुका बघून शिकलेलं आहे.

पायरी १ : न्हाणीत काय काय होतं, ते आधी लिहा

आपण न्हाणीला ‘आंघोळीची जागा’ म्हणतो, पण तिथे आंघोळीशिवाय किती गोष्टी होतात बघा. लहान मुलांना अंघोळ घालणं, शेतातून आल्यावर हातपाय धुणं, पाळीचं कापड धुणं, कपडे बदलणं. काही घरांत धुणं-भांडीही तिथेच. बाळंतीण असेल तर तिला न्हाऊ घालणारी बाई आत मावली पाहिजे. सासूबाई थकल्या असतील तर त्यांना धरून नेणारी सून मावली पाहिजे.

कागदावर दोन रकाने करा. एकीकडे ‘कोण वापरणार’, दुसरीकडे ‘कशासाठी’. घरातल्या सगळ्यांना विचारा, मुलींना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी. मग ठरवा, यातलं कोणतं काम न्हाणीबाहेर गेलं तरी चालेल. माझं मत विचाराल तर धुण्याचा दगड आणि भांडी बाहेर काढावीत. दगड न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला लागूनच बसवला, तर दोन्हींचं पाणी एकाच पाटाने जातं आणि आतली जागा मोकळी राहते.

पायरी २ : रांगोळीने आखा

अंगणात किंवा पक्क्या रस्त्यावर रांगोळीने न्हाणी आखा. आतली जागा चार फूट बाय पाच फूट धरा. हे माप मी मनाने सांगत नाही. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराचं किमान क्षेत्र १.८ चौरस मीटर आणि किमान रुंदी १.२ मीटर दिलेली आहे. फुटांत सांगायचं तर रुंदी साधारण चार फूट आणि क्षेत्र वीस चौरस फुटांच्या जरासं आत. म्हणजे चार बाय पाच.

वीस चौरस फूट म्हणजे किती जागा? घरकुल योजनेतल्या घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट असतं. त्यातले वीस घरातल्या बायकांच्या आडोशाला गेले, तर फार मागितलं असं होत नाही.

आता त्या रांगोळीच्या चौकटीत पाट किंवा स्टूल ठेवा, बादली ठेवा, तांब्या ठेवा. त्यात बसून बघा. हात फिरवून डोक्यावर पाणी घेतल्यासारखं करा. उठा, वळा, साडी नेसायला उभ्या राहा. कोपर कुठे अडेल ते लगेच कळतं. शेजारणी हसतील, हसू द्या. एका गावात पाहिलं, हसणारीच दुसऱ्या दिवशी टेप मागायला आली. रांगोळीतली चूक झाडूने पुसता येते. सिमेंटमधली चूक फोडायला पुन्हा कर्ज काढावं लागतं.

पायरी ३ : ‘आतून की बाहेरून?’ हा प्रश्न विचारा

सगळ्यांत मोठी फसगत इथे होते. गवंडी म्हणतो ‘चार बाय पाच’, आपणही म्हणतो ‘चार बाय पाच’. पण तो बाहेरचं माप धरतो आणि आपण आतलं.

हिशोब करून बघा. नऊ इंची भिंत असेल तर दोन बाजूंच्या भिंती मिळून दीड फूट जातो. बाहेरून चार बाय पाच बांधलं तर आत उरतं अडीच बाय साडेतीन, म्हणजे पावणेनऊ चौरस फूट. वीसातले निम्मेही उरले नाहीत! त्यातून आतल्या गिलाव्याची जाडी आणखी जाते.

आतून चार बाय पाच हवं असेल तर नऊ इंची भिंतीला बाहेरून साडेपाच बाय साडेसहा फूट जागा लागते. साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीला बाहेरून पावणेपाच बाय पावणेसहा पुरते. जागा फारच कमी असेल तर अर्ध्या विटेची भिंत घेता येते, पण तिच्यावर पाण्याची टाकी ठेवू नका. पाचशे लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन पाचशे किलो होतं. ते पेलायला नऊ इंची भिंती आणि नीट सळई घातलेला स्लॅब लागतो. पत्र्यावर टाकी ठेवणं तर कधीच नको.

तेव्हा गवंड्याला स्पष्ट सांगा, ‘गिलावा झाल्यावर आतून चार बाय पाच पाहिजे.’ हे वाक्य पाठच करून ठेवा.

पायरी ४ : दार बाहेर उघडा

दार अडीच फुटी धरा. ते आत उघडलं तर उघडताना पाव वर्तुळाएवढी, म्हणजे जवळजवळ पाच चौरस फूट जागा अडवतं. वीसातला पाव भाग नुसत्या दाराला गेला. तेवढ्या जागेत बादली ठेवता येत नाही, पाट ठेवता येत नाही.

दार बाहेर उघडलं की ती जागा आपली होते. आणि कुणी आत पडलं तर बाहेरून उघडता येतं. आजीची गोष्ट सांगितलीच आहे.

आणखी एक युक्ती. ज्या बाजूने रस्ता किंवा शेजाऱ्यांचं अंगण आहे, त्या बाजूला बिजागऱ्या घ्या. मग दार उघडल्यावर दाराची फळीच आडोसा होते आणि बाहेर येताना थेट कुणाच्या नजरेत आपण येत नाही. समोर बोळ अरुंद असेल आणि दार बाहेर उघडता येत नसेल, तर बाजूला सरकणारं दार बसवता येतं. लाकडी दार पाण्याने फुगतं, त्यापेक्षा पीव्हीसीचं दार टिकतं आणि हलकंही असतं.

म्हाताऱ्या माणसांनी आतून कडी लावू नये. दारावर टॉवेल टाकला की आत कुणीतरी आहे, एवढी खूण घरात ठरवून टाका.

पायरी ५ : पिंप बाहेर, तोटी आत

आपल्याकडे नळाला पाणी रोज येतंच असं नाही, म्हणून न्हाणीत पिंप असतं. दोनशे लिटरचं पिंप जवळजवळ दोन फूट रुंद असतं. कोपऱ्यात ठेवलं तर चार चौरस फूट जागा गेली. दाराचे पाच आणि पिंपाचे चार मिळून नऊ झाले. चांगली वीस फुटांची न्हाणी अकरा फुटांची झाली, आणि आपण म्हणतो जागा पुरत नाही.

पिंप भिंतीबाहेर ओट्यावर ठेवा. तळाशी तोटी बसवून पाइप भिंतीतून आत घ्या. आतली तोटी दीड-पावणेदोन फुटांवर ठेवा, म्हणजे खाली बादली बसते. पिंपाचा तळ त्या तोटीपेक्षा वर पाहिजे, नाहीतर खालचं पाणी येणारच नाही. ओटा त्या हिशोबाने साधारण दोन फूट येतो.

पण इथे एक अडचण आहे. पाणी डोक्यावरून हंड्याने आणत असाल, तर उंच पिंपात हंडा ओतणं कमरेला जड जातं. अशा घरी पिंप छोटं, बुटकं घ्या किंवा ओट्याला एक पायरी करा. पाणी पाइपने येत असेल तर काही प्रश्न नाही. पिंपाला घट्ट झाकण हवं, आणि आठवड्यातून एकदा ते रिकामं करून घासून कोरडं करायचं. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात, हे आपल्या आरोग्याच्या सत्रात झालेलं आहे.

पायरी ६ : वस्तू भिंतीत ठेवा, जमिनीवर नको

जुन्या घरांत भिंतीत कोनाडे असायचे. ती फार शहाणपणाची रीत होती. भिंत नऊ इंची असेल तर बांधतानाच साडेचार इंच खोल कोनाडा ठेवा. साबण, शिकेकाई, दगडी, तेलाची बाटली सगळं त्यात बसतं आणि बाहेर काहीच येत नाही, त्यामुळे कोपर आपटत नाही. कोनाड्याचा तळ आतून बाहेर किंचित उतरता करा, म्हणजे साबणाखाली पाणी साचत नाही.

अर्ध्या विटेच्या भिंतीत कोनाडा काढू नका, भिंत कमजोर होते. तिथे कोपऱ्यात कडप्प्याचा तिकोनी तुकडा बसवा. फरशीच्या दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात.

दोन खुंट्या वर आणि दोन खाली लावा. खालच्या मुलांसाठी. कोरडे कपडे टांगायची खुंटी दाराजवळ हवी, म्हणजे त्यांच्यावर पाणी उडत नाही. पाळीचं कापड किंवा पॅड ठेवायला एक झाकणाचा डबा कोनाड्यात ठेवला तर मुलींना पिशवी लपवत ये-जा करावी लागत नाही. धुतलेलं कापड मात्र न्हाणीत वाळत घालू नका, त्याला ऊन पाहिजे.

घरात वयस्कर माणूस किंवा गरोदर बाई असेल तर बसायच्या जागेजवळ, जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर, हाताने धरायला लोखंडी पाइपचा आडवा दांडा बसवा. तो गिलाव्याच्या आधीच विटेत पक्का करायचा. टॉवेल टाकायची नळी धरून कुणी उठायला गेलं तर ती निघून हातात येते.

पायरी ७ : उतार दर फुटाला दोन सूत

न्हाणीत पाणी साचलं की शेवाळ येतं आणि शेवाळावरून माणूस घसरतो. म्हणून फरशीला उतार हवा. गवंडी लोक इंचाचे आठ सूत मोजतात. दर फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार धरा. पाच फुटांत तो सव्वा इंच होतो. एवढा उतार पायाला जाणवत नाही, पण पाणी पळतं.

उतार दारापासून लांबच्या कोपऱ्याकडे असावा आणि आंघोळीची जागाही तिथेच. म्हणजे दाराजवळचा भाग कोरडा राहतो, कपडे तिथे बदलता येतात. न्हाणीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा इंचभर खाली घेतली तर उंच उंबरा लागत नाही. उंच उंबऱ्याला म्हातारी माणसं अडखळतात.

पाणी जायच्या तोंडाशी नुसती जाळी लावून भागत नाही. दुकानात ‘नहाणी ट्रॅप’ मागा. हो, मोठमोठ्या शहरातले प्लंबरही त्याला आपल्याच न्हाणीच्या नावाने ओळखतात. त्याच्या वाटीत थोडं पाणी कायम राहतं आणि त्या पाण्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. आठवड्याला केस-कचरा काढा.

फरशी बसवण्याआधी खालच्या कोब्यावर बादलीभर पाणी ओता आणि स्वतः उभ्या राहून बघा. पाणी कुठे थांबतं? थांबलं तर तेव्हाच सांगा. नंतर सांगून उपयोग नाही. भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोलवा करून घ्या, म्हणजे ओल मुरत नाही आणि कोपराही साफ होतो. कामावर निदान सात दिवस पाणी मारायचं, हे काम बहुतेक आपल्याकडेच येतं. ते चुकवू नका.

पायरी ८ : फरशीचा हिशोब आपण करा

जमिनीला चकचकीत टाइल घेऊ नका. दुकानदार दाखवतो ती सुंदर दिसते, पण ओल्या पायाला ती बर्फासारखी लागते. खरखरीत टाइल किंवा खरखरीत शहाबादी फरशी बरी. दुकानातच टाइलवर पाणी टाकून पाय घासून बघा. लाज कसली, पैसे आपले आहेत.

आता मोजणी. जमीन चार गुणिले पाच, वीस चौरस फूट. फूटभर बाय फूटभर टाइल असेल तर वीस नग, फुटतुटीचे दोन धरून बावीस. भिंतीला चारही बाजू मिळून अठरा फूट, त्यातून दाराचे अडीच वजा, उरले साडेपंधरा फूट. चार फूट उंचीपर्यंत टाइल लावली तर साडेपंधरा गुणिले चार, म्हणजे ६२ चौरस फूट. एक फूट बाय दीड फुटाच्या टाइल घेतल्या तर बेचाळीस नग, फुटतूट धरून शेहेचाळीस. सात फुटांपर्यंत लावायची झाली तर साडेपंधरा गुणिले सात, १०८ चौरस फुटांच्या वर जातं.

बसून आंघोळ करणाऱ्या घरात चार फुटांपर्यंत टाइल पुरते. वर वॉटरप्रूफ द्रावण घातलेला गिलावा आणि फिकट रंग द्या. वाचलेले पैसे दार आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी वापरा. फिकट रंगाने छोटी जागा मोकळी वाटते आणि घाण लगेच दिसते.

पायरी ९ : उजेड, हवा आणि गरम पाणी

खिडकी सहा फुटांच्या वर घ्या, फूट बाय दीड फूट पुरते. बाहेरून कुणाला दिसत नाही आणि वाफ निघून जाते. तिरप्या काचांची जाळी बसवलीत तर हवा कायम खेळते. थंडी वाजते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावून बंद करू नका.

आता जे सांगते ते जरा नीट वाचा. हल्ली गॅसचे गिझर गावोगावी दिसतात. गॅस गिझर छोट्या बंद न्हाणीत बसवणं जीवावर बेतू शकतं. हवा पुरेशी नसली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी चक्कर येते, मग शुद्ध जाते आणि आतल्या माणसाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. चार बाय पाचच्या खोलीत हवा ती किती असणार? म्हणून गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. निखाऱ्याची शेगडी किंवा पेटता बंबही आत घेऊ नका, त्यातूनही तोच वायू निघतो.

पाणी तापवायची विजेची कांडी वापरत असाल तर पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून पिनही काढायची. मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगा. बटणांचा बोर्ड न्हाणीबाहेर हवा आणि घराला अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

पायरी १० : संडास एकत्र करायचा का?

काही ताई विचारतात, मधली भिंत काढून दोन्ही एक केलं तर जागा वाढेल का? वाढते. संडास आणि न्हाणी एकत्र असेल तर इमारत संहितेत किमान २.८ चौरस मीटर सांगितलंय, म्हणजे साधारण चार फूट बाय साडेसात फूट. वेगवेगळं बांधण्यापेक्षा एक भिंत आणि एक दार वाचतं. थकलेल्या माणसाला धरून नेणंही सोपं जातं. पण घरात सात-आठ माणसं असतील आणि सकाळी सगळ्यांची घाई असेल, तर वेगळंच बरं. एकजण आंघोळीला गेला की बाकीचे खोळंबतात. शिवाय मधल्या भिंतीवर स्लॅबचा किंवा टाकीचा भार असू शकतो. जाणकाराला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.

दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी त्या खड्ड्यांत सोडायचं नाही. खड्डा लवकर भरतो आणि मैल्याचं खत होत नाही.

स्वच्छ भारत अभियानातून पात्र कुटुंबाला मिळणारे १२,००० रुपये हे वैयक्तिक शौचालयासाठी आहेत. न्हाणीचा खर्च त्यात धरू नका, तो वेगळा काढा.

पाणी कुठे जाणार?

आपली न्हाणी झकास झाली आणि पाणी शेजारणीच्या दारात गेलं, तर भांडण ठरलेलंच. घराच्या भिंतीपासून जरा लांब, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल शोषखड्डा घ्या. खाली मोठे दगड, वर लहान दगड भरा. खड्ड्याच्या आधी छोटी टाकी करा, तिच्यात साबणाचा गाळ बसतो आणि खड्डा बुजत नाही. विहीर किंवा हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब राहा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं आणि डास कमी करून दाखवले, त्याची चर्चा राज्यभर झाली. वैयक्तिक शोषखड्ड्याचं काम रोजगार हमीत घेता येतं, ग्रामपंचायतीत चौकशी करा.

काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे पाणी परसबागेकडे वळवा. केळी, अळू, कर्दळ यांना ते चालतं.

जुनी न्हाणी असेल तर

सगळं पाडून नवं करायलाच हवं असं नाही. सोपं ते आधी करा. फुकटात होणारं काम म्हणजे पिंप, मोडकी बादली, खराटा, जळण आतून बाहेर काढणं. एवढ्यानेच अर्धी न्हाणी मोकळी होते. थोड्या पैशांत दार उलट फिरवणं, खुंट्या, कोपऱ्याची फळी, नहाणी ट्रॅप आणि धरायचा दांडा. मोठा खर्च म्हणजे उतार आणि फरशी पुन्हा करणं. ते हप्ते बघून करा. पहिल्या दोन गोष्टी करून महिनाभर वापरून बघा. कदाचित तिसरीची गरजच पडणार नाही आणि कर्ज निम्म्यावर येईल.

पुढच्या बैठकीसाठी

बचतीचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं काढा. एक टेप आणि मूठभर रांगोळी घेऊन चार बाय पाचची चौकट आखा. एकेकीने तिच्यात बसून बघा. मग आपापल्या घरची न्हाणी मोजून त्याच चौकटीत दुसऱ्या रंगाने आखा. किती जागा आहे आणि त्यातली किती वापरात आहे, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. मापं लिहून ग्रामसंघाच्या वहीत ठेवा. ज्या ताईंना कर्ज हवं आहे, त्यांनी मागणीसोबत ही आखणी जोडावी.

आणि गवंडी येईल त्या दिवशी चहा देऊन आत जाऊ नका. टेप हातात घेऊन तिथेच थांबा. तो म्हणेल, ‘काकू, काळजी करू नका, नेहमीसारखं करतो.’ तेव्हा त्याला सांगा, ‘नेहमीसारखं नको. दार बाहेर, पिंप बाहेर, आणि आतून चार बाय पाच.’ रोज ती न्हाणी वापरणार तुम्ही, हप्ता भरणारही तुम्हीच. मग ठरवायचंही तुम्हीच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक